अठरा बोटांची टेकडी

माझे घरमालक मला खोली दाखवायला आले तेव्हा त्यांनी खिडकी उघडून दाखवली नाही, की चूल कुठे मांडायची तेही सांगितलं नाही. उंबऱ्यावर उभं राहून ते म्हणाले, "अंगनापासून अर्धं बोट वरतं हाय. अन् स्टेशन इथून एक बोट खालतं. सकारी जाताना सुखाचं, येताना दम लागन."

स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली होती. तो मुलूख तेव्हा मध्यप्रदेशात होता आणि मी सौंदडच्या स्टेशनावर तारबाबू म्हणून नवा नवा लागलो होतो. छोट्या लाइनीच्या गाड्या मोजक्याच. एक गेली की दुसरी येईपर्यंत स्टेशन पेंगायचं आणि स्टेशनाबरोबर मीही. त्यामुळे घरमालकाचं डोकं ठिकाणावर आहे की नाही याचा विचार करायला मला भरपूर वेळ होता. चार दिवसांत माझी खात्री पटली की ते ठिकाणावर नाही. चार महिन्यांत मी स्वतः रस्त्याने बोटं मोजत चालायला लागलो.

एक बोट म्हणजे एक पुरुषभर उंची. हे माप काकाजींचं स्वतःचं. मी त्यांना काकाजी म्हणायचो. गावातले लोक त्यांच्या माघारी 'टेकडीवाले' म्हणायचे. घरापुढच्या सपरीत, म्हणजे कौलारू पडवीत, त्यांनी बाजेएवढी लाकडी चौकट ठोकली होती आणि तिच्यात काळ्या मातीचा एक अख्खा मुलूख वसवला होता. टेकड्या, खिंडी, घसरणी, पठारं. बोटभर जाडीचा एक थर थापायचा, कडा ओल्या फडक्याने पुसायच्या, त्यावर दुसरा थर. कोपऱ्यातली एक टेकडी अठरा थरांची होती. बाकीचा मुलूख ते दर महिन्या-दोन महिन्यांनी मोडून नवा करत. ती टेकडी मात्र मोडत नसत.

या मुलखात ते लढाई खेळत. एका बाजूचं सैन्य चिंचोक्यांचं, दुसऱ्या बाजूचं टोऱ्यांचं, म्हणजे मोहाच्या बियांचं. सपाटीवर शिपाई एका पाळीत चार काड्यांइतकं अंतर चालणार. एक बोट चढायचं तर त्यातली एक काडी गेली. तीन बोटं एकदम चढला तर तो दमला, त्या पाळीत त्याने हात उचलायचा नाही. मारामारी पाच कवड्यांवर, वरच्या अंगाला असलेल्याला एक कवडी जास्त. उतरताना काड्या वाढत, पण कडा उभी असेल तर आधी कवड्या टाकून शिपाई घसरला की टिकला ते बघायचं. सगळ्यात मजा दोऱ्याची. माझ्या चिंचोक्याला तुमची टोरी दिसते का, हे ठरवायला काकाजी दोघांच्या मध्ये दोरा ताणत. दोरा कुठेही मातीला लागला तर दिसत नाही. मग टेकडीच्या पाठीमागे अख्खी पलटण बसलेली असली तरी आपण तिला पाहिलेलंच नाही असं समजून खेळायचं.

"दिसते ते सोड," ते म्हणायचे, "न दिसते ते मोज."

हिवाळ्याच्या सकाळी धानाच्या रिकाम्या बांध्यांवरून, म्हणजे खाचरांवरून, धुकं उठायचं आणि सरळ सपरीत शिरायचं. मी हनुवटी चौकटीवर टेकवून बघत बसायचो. ओल्या मातीच्या टेकड्यांवर ते धुकं रेंगाळायचं, खिंडीत खाली बसायचं, आणि क्षणभर मला माझं शरीर केवढं आहे तेच उमजायचं नाही. त्या पायवाटेवरून मीच चाललोय, खांद्यावर ओझं आहे, वळणापलीकडे कोण आहे ठाऊक नाही, असं वाटायचं. मग आतून काकीजींच्या बांगड्या वाजायच्या, चहा यायचा आणि मी पुन्हा तारबाबू व्हायचो. त्या सकाळी मला फार आवडत. आयुष्यात तेवढा निवांतपणा मला पुढे कधी मिळाला नाही.

गावातले लोक सुरुवातीला हौसेने खेळायला येत. पण त्यांच्याशी खेळताना काकाजींचा जीव मेटाकुटीला यायचा. सैन्य कुठे मांडतोस म्हटलं की जो येईल तो सर्वांत खोलगट जागा धरायचा. एकदा शेजारचे एक जाणते शेतकरी आले. त्यांनी सगळा मुलूख मन लावून न्याहाळला आणि आपले वीसच्या वीस चिंचोके दोन टेकड्यांच्या मधल्या खळग्यात नेऊन बसवले.

काकाजी म्हणाले, "अरे, चारी बाजूनं मरशीन! टेकडी घे ना."

"टेकडी घेऊन काय करू?" ते म्हणाले. "मुरमाड हाय. काय पिकते तिच्यावर? सोन्यासारखी जमीन तं हे खालची हाय."

काकाजींनी तीन पाळ्यांत त्यांचं सैन्य संपवलं. तरी ते गृहस्थ उठताना त्या खळग्याकडे बघून म्हणालेच, "जमीन मात्र नंबरी होती बाप्पा."

नियम काकाजींच्या डोक्यातून आलेले नव्हते, पायांतून आलेले होते. एक बोट चढायला किती दम लागतो हे ठरवण्यासाठी त्यांनी मला पाठीवर धानाचं पोतं देऊन गावामागची टेकडी चढायला लावली. स्वतः ओळंबा आणि काठी घेऊन मागून येत होते. मी थांबलो की तिथे दगड ठेवायचे. चौथ्या दगडाशी मी पोत्यासकट आडवा झालो आणि म्हणालो की उंची मोजायची तर तुमची काठी आहे, माझे प्राण कशाला मोजता?

"काठीले उंची समजते," ते शांतपणे म्हणाले. "चढ नाही समजत. चढ गुडघ्याले पुसा लागते."

तोच प्रयोग रिकाम्या पाठीने झाला, उन्हात झाला, उतरताना झाला. त्यानंतर 'एका बोटाला एक काडी' हा नियम बदलून ओझं असेल तर 'एका बोटाला दीड काडी' असा झाला. अर्धी काडी माझ्या कमरेची.

माणसांकडेही ते असंच बघत. बाजारात दोघी भांडत असल्या की काय झालं हे न ऐकता म्हणायचे, "ते पायरीवरची जिंकते." आणि बहुधा तीच जिंकायची. शाळेच्या हेडमास्तरांनी पोरं ऐकत नाहीत अशी तक्रार केली तर यांनी सांगितलं, खुर्ची फळीवर चढवा. फळी मोडली, हेडमास्तर पडले, आणि त्यानंतर महिनाभर शाळेत फार शिस्त होती.

अशा माणसाला कशाची भीती असेल असं मला वाटत नव्हतं. पण वर्षातून एकदा, मोहफुलं पडायला लागली की, ते धुतलेला कोट घालत, डोक्याला रुमाल बांधत आणि देवरीकडे जाणारी मोटर पकडत. संध्याकाळी परत येत. कोट काढून खुंटीला लावत आणि दोन दिवस कुणाशी बोलत नसत. मी आल्यावर पहिल्याच वर्षी हा प्रकार बघितला आणि काकीजींना विचारलं.

"देवरीच्या आंगाले एक म्हातारी हाय," त्या म्हणाल्या. "लढाईत गेला तिचा पोरगा. तिले काहीतरी सांगाचं हाय म्हनतेत. काय, ते मले नाही सांगत. सात साल झाले. मोटरीतून उतरतेत, टेकडीच्या पायथ्याले जातेत अन् तसेच वापस येतेत."

"वर का जात नाहीत?"

"मले का मालूम, बाबू. अख्ख्या दुनियेचे चढ मोजून राहिले, अन् तो एक चढ चढनं होत नाही त्यायले."

आता काकीजींबद्दल. त्या शाळेत गेलेल्या नव्हत्या. नवऱ्याच्या खेळाला त्या 'मातीचं येड' म्हणत आणि हातातलं काम सोडून तो खेळत. त्या मला दर वेळी हरवायच्या आणि काकाजींना तीनातून दोनदा. दोराबिरा त्यांना लागायचा नाही. नुसतं चौकटीभोवती एक फेरी मारायच्या, जशी पेरणीआधी शेताला मारतात.

त्या वर्षी पावसाळा सरल्यावर एका दुपारी दोघांचा डाव रंगला होता. काकाजींचं सैन्य अठरा बोटांच्या टेकडीवर, काकीजींचं खाली चारी बाजूंनी. काकाजी खुशीत होते. वरून एक कवडी जास्त, खालून चढणारा दमलेला. त्यांना हलवणं शक्यच नव्हतं. आठ पाळ्या झाल्या. काकीजी चढेनातच. टोऱ्या खाली बसवून त्या स्वस्थ सुपारी कातरत होत्या.

"चढ ना," काकाजी म्हणाले.

"कायले चढू? तुमीच येता ना खालतं."

"मी कायले येईन?"

"पानी प्याले." त्यांनी सुपारी तोंडात टाकली. "आठ पाळ्या झाल्या. तुमच्या लढाईत पानी काऊन नाही जी? वरतं बसलेल्या मानसाले तहान नाही लागत?"

मी हसलो. मग काकाजींकडे बघितलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. ते उठले, चपला न घालता अंगणातून निघून गेले. काकीजी हातात अडकित्ता धरून तशाच बसून राहिल्या. तेव्हा मला पहिल्यांदाच लक्षात आलं की त्या मुलखात सगळं होतं, पण नदी, नाला, तळं, एक थेंबसुद्धा पाणी नव्हतं.

तीन आठवडे काकाजींनी मातीला हात लावला नाही. टेकड्यांना भेगा पडल्या. मग एका दुपारी ते स्टेशनावर आले आणि माझ्या शेजारी बाकावर बसले. गाडीला दीड तास होता. रूळ उन्हात थरथरत होते, सिग्नलचा हात पाण्यात बुडाल्यासारखा दिसत होता. त्याच्याकडे बघत बघत त्यांनी मला सांगितलं.

लढाईच्या काळात ते ब्रह्मदेशाच्या आघाडीवर होते. बंदूक त्यांनी कधी चालवली नाही. सातवी पास, चित्रकलेचा हात बरा, आणि चिखलातच वाढलेला माणूस, म्हणून त्यांना नकाशावरून मातीच्या टेकड्या करायच्या कामाला लावलं होतं. साहेबांना नकाशा कळे, शिपायांना माती कळे. एकदा एका अठरा बोटांच्या टेकडीचा विमानातून काढलेला फोटो आला. माथ्याच्या जरा खाली एक गोल, काळपट खळगा दिसत होता. साहेबांनी विचारलं, हे काय असेल?

"आपल्याकडं कसं असते सांग," काकाजी मला म्हणाले. "तलाव कुठं? वरतं. लहान बोडी कुठं? वरतं. टेकडीच्या कुशीत पार बांधाची, पानी वरतं अडवाचं अन् खालतं बांध्यायले सोडाचं. मी जलमापासून तेच पायलं. 'वरतं जाऊन येतो' म्हनलं का पान्यावर जाऊन येतो. मले दुसरं काही सुचलंच नाही. म्हनलं, साहेब, तलाव हाय. अन् कपड्याची नीळ घेतली, तिथं निळा ठिपका देल्ला."

पलटण निघायच्या आधी शिपाई एकेक करून ती मातीची टेकडी बघून गेले. त्यांत देवरीकडचा एक जण होता. आधी दोन-चारदा भेटलेला, बोलण्यावरून ओळख पटलेली. तो रांगेतून जाता जाता वाकला, निळ्या ठिपक्यावर बोट ठेवलं आणि हळूच विचारलं, "भाऊ, वरतं पानी हाय का?"

"मी म्हनलं, हाय."

खळगा कोरडा होता. पलटणीने टेकडी घेतली, राखली, आणि तिसऱ्या दिवशी तहानेने खाली यायला लागली. नाल्यावर दोघं-दोघं पाठवायचे, आणि खाली दबा धरून बसलेले दोघा-दोघांना टिपायचे. देवरीचा पोरगा बाटल्या घेऊन उतरला तो परत चढला नाही.

"त्यानं साहेबाले नाही पुसलं," काकाजी म्हणाले. "मले पुसलं. आपला मानूस म्हनून." गाडी आली, गेली. मी तार द्यायला विसरलो आणि पुढच्या स्टेशनाच्या शिव्या खाल्ल्या.

घरी येऊन त्यांनी काकीजींनाही सांगितलं. त्या रडल्याबिडल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः माती भिजवली, टेकडीच्या भेगा बुजवल्या, आणि वीस चिंचोके माथ्यावर मांडले. "तुमी खालतं बसा," त्या म्हणाल्या. "मी वरतं. पानी नाही, हे मले आधीच मालूम हाय असं समजा."

तो डाव मी विसरणार नाही. पहिल्या पाळीलाच त्यांनी टेकडी सोडायचं ठरवलं. दोघं-दोघं नाही, सगळे एकदम. आणि नाल्याच्या बाजूने नाही, मागच्या उभ्या कड्यावरून, जिथे काकाजींचा दोरा मातीला लागत होता आणि त्यांना काही दिसत नव्हतं. कड्यावर कवड्या टाकल्या. सात घसरले. तेरा खाली पोचले आणि चौकटीच्या कडेने निघून गेले. काकाजींनी ते तेरा चिंचोके एकेक करून मोजले.

"नाही म्हनलं असतं तं," ते म्हणाले, "तेरा वाचले असते."

"तुमच्या खेळात," काकीजी म्हणाल्या. "खऱ्यातलं देवाले मालूम. पन त्या म्हातारीले सांगा. मोहफुल पडासाठी कायले थांबता?"

तरी ते थांबलेच. मोहफुलं पडायला लागली, कोट धुतला गेला, आणि या खेपेला काकीजींनी मला रजा टाकायला लावली.

देवरीच्या अलीकडे मोटर थांबली तिथून गाव वर टेकडीवर होतं. पायथ्याला नाला, पळसांना फुलं आलेली, आणि सगळ्या रानात मोहाचा गोड, जड वास. त्या वासाने डोकं हलकं होतं. आपण चालतोय की कुणी आपल्याला चालवतंय ते कळत नाही. नेहमीच्या जागी काकाजी थांबले. मी एक पाऊल पुढे टाकलं. ते आले. सुरुवातीला त्यांच्या तोंडून बोटं ऐकू येत होती, एक, दीड, दोन. मग मोजणी बंद झाली. वाटेत डोक्यावर भरलेले गुंड, म्हणजे पितळी घडे, घेतलेल्या दोन बायका आम्हाला मागे टाकून वर गेल्या.

म्हातारी दारात सुपात लाखोळीची डाळ निवडत बसली होती. कोण, कुठले, हे विचारायच्या आत ती उठली, पाण्याचा लोटा भरून आणला आणि काकाजींपुढे ठेवला. त्यांनी त्याला हात लावला नाही. "आधी आयका, माय," ते म्हणाले, आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. फोटो, नीळ, तो प्रश्न, आणि आपलं 'हाय'. एकही शब्द मऊ केला नाही. म्हातारी सुपातल्या लाखोळीतले खडे बाजूला काढत ऐकत होती.

"झालं तुहं?" तिने विचारलं.

"झालं."

"ह्या गावात वरतं पानी हाय का रे?" ती म्हणाली. "त्या बाया पायल्या ना? खालच्या नाल्याचं पानी डोक्यावर घेऊन येतो आमी. माहा पोट्टा चालाले लागला तेव्हापासून खालून पानी आनत होता. टेकडीवर पानी नसते हे त्याले तू सांगावं लागत होतं?"

काकाजी तिच्याकडे बघत खाली बसले. मला त्यांचा आवाज जेमतेम ऐकू आला. "मंग त्यानं मले काऊन पुसलं, माय?"

म्हातारीचे हात थांबले. ती त्यांना धीर द्यायला बोलत होती की तिला खरंच तसं वाटत होतं, हे मला आजही सांगता येणार नाही.

"तिथं आपल्या बोलीत बोलाले त्याले दुसरं कोन होतं?" ती म्हणाली. "काहीतरी पुसाचं म्हनून पुसलं असन. तू बोलावं म्हनून." मग तिने सूप बाजूला सारलं आणि ती काकाजींच्या अगदी जवळ सरकून बसली. "कसा म्हनला तो? जसा म्हनला तसाच म्हन बरं. आठ साल झाले, त्याचा बोल आयकला नाही मी."

काकाजींनी तोंड उघडलं. जो आवाज निघाला तो त्यांचा नव्हता. विशी-बाविशीतल्या कुणाचा तरी होता, घाईतला, हळू.

"भाऊ, वरतं पानी हाय का?"

म्हातारीने डोळे मिटले होते. तिने चाचपडत लोटा शोधला, दोन्ही हातांनी उचलला आणि त्यांच्या ओठांशी नेला.

"हाय रे बाप्पा," ती म्हणाली. "हाय. पे."